बाइंडरला पाईप लावू नका : ट्रेलरवरचं मशीन चेननं बांधायची रीत

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका यार्डात, मे महिन्यातल्या भर दुपारी माझं उजवं मनगट मोडलं. पोकलेन ट्रेलरवर चढवून झालं होतं, तीन चेन आवळल्या होत्या आणि चौथी चेन आवळणाऱ्या बाइंडरचा दांडा काही केल्या बसत नव्हता. मी नेहमीसारखा चाकपान्याचा पाईप आणला, दांड्यावर चढवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. दांडा अर्ध्यावर आला आणि घामानं हात सटकला. पुढचं मला आवाजानंच आठवतं. पाईप केबिनच्या पत्र्यावर आदळला तो एक आवाज, आणि त्याच्या आधी मनगटातून आलेला दुसरा. हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. आमचा क्लीनर, एकोणीस वर्षांचं पोरगं, पाईप ज्या रेषेत उडाला तिच्यापासून दोन हातांवर उभा होता.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की त्या चेनमध्ये मी एक कडी जास्त ओढून घेतली होती. एक कडी सैल सोडली असती तर दांडा नुसत्या हातानं बसला असता. ट्रेलरवर इतकी वर्षं काढून ही साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि मीही कुणाला विचारली नव्हती. जालन्याची सळई, वाळूज-शेंद्र्याला येणारे पत्र्याचे कॉइल, रस्त्याच्या कामावर फिरणारी पोकलेन आणि रोलर, हे सगळं बांधणारी पोरं आजही हे काम बघून बघून शिकतात. बघताना चुकीचं दिसलं तर तेच हाताला बसतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. एक पोकलेन जालन्याहून बीडमार्गे धाराशिवला न्यायचं आहे असं धरू आणि चेन पेटीतून काढण्यापासून परत पेटीत टाकेपर्यंत क्रमानं जाऊ.

दांड्यात काय साठतं

पूर्वी कडब्याची गाडी भरली की वरून चऱ्हाट टाकायचे आणि त्यात काठी घालून पीळ द्यायचे. काठी हातातून सुटली की गरकन उलटी फिरायची, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. बाइंडरचं तत्त्व तेच आहे, फक्त इथं दोराच्या जागी पोलादी चेन आहे आणि ताण किलोत नसून टनांत आहे.

बाइंडर दोन प्रकारचे. पहिला लिव्हरचा, म्हणजे दांड्याचा. दांडा साधारण १८० अंशांत फिरवला की तो मधला बिंदू ओलांडतो आणि चेनच्या ताणामुळेच बंद राहतो. त्याचा गुणाकार अंदाजे २५ पट धरा. तुम्ही ४० किलोचा जोर लावला तर चेनमध्ये एक टनाच्या आसपास ताण येतो. दांड्यावर पाईप चढवून लांबी दुप्पट केली की तोच जोर दोन टनांवर जातो, आणि दांडा मध्यबिंदूच्या अलीकडे असताना हात सुटला तर हे सगळं तुमच्याकडेच परत येतं. शिवाय बाइंडर आणि हूक जितक्या ताणासाठी बनवलेत त्याच्या पलीकडे आपण कधी गेलो, हे पाईप लावल्यावर कळायला मार्गच राहत नाही.

दुसरा रॅचेटचा. मधल्या नळीत दोन्हीकडून आट्यांचे स्क्रू असतात आणि दांडा पुढं-मागं हलवत तो हळूहळू आवळायचा. याचा गुणाकार साधारण ५० पट, म्हणजे तोच ४० किलोचा जोर इथं दोन टन ताण देतो. वेळ जास्त लागतो, पण ताण एक-एक दात चढतो आणि दांडा उसळून अंगावर येत नाही. सोडतानाही तसाच हळूहळू उतरतो. नवीन घेणार असाल तर रॅचेटचाच घ्या, हे मी माझ्या मोडलेल्या मनगटाच्या अनुभवावरून सांगतो. किमतीतला फरक दवाखान्याच्या पहिल्या बिलापेक्षा कमीच असतो. पण बहुतेक गाड्यांवर अजून लिव्हरचेच बाइंडर आहेत, म्हणून पुढं दोन्हींची पद्धत सांगतो.

चेनवरचा आकडा वाचा

चेन जाड दिसते म्हणून ती मजबूत असेलच असं नाही. दर काही कड्यांनंतर ठसा असतो. ७, ७० किंवा ७०० असा ठसा म्हणजे ग्रेड ७०, मालवाहतुकीची चेन. तिच्यावर बहुतेक वेळा पिवळसर सोनेरी झाक असते. ८, ८० किंवा ८०० म्हणजे ग्रेड ८०. ज्या चेनवर काहीच ठसा नाही ती गेटाला लावा, मशीनला लावू नका. आणि ग्रेड ७० ची चेन क्रेनला लावून माल उचलायला कधीही वापरू नका, ती त्या कामासाठी नाही.

ग्रेड ७० ची सुरक्षित भारक्षमता पाठच करा. ५/१६ इंच, म्हणजे साधारण ८ मिलिमीटरची चेन २.१ टन, ३/८ इंच म्हणजे १० मिलिमीटरची ३ टन आणि अर्ध्या इंचाची, म्हणजे १३ मिलिमीटरची ५.१ टन. चेन तुटते ती याच्या चौपट भाराला. हा चौपटीचा फरक खड्डे, अचानक ब्रेक आणि झिजेसाठी राखलेला असतो. "चौपट आहे ना, मग टाक अजून" असं म्हणणारा ती राखीव ताकद आधीच खर्चून बसतो.

इथं एक चूक मला वारंवार दिसते. चेन अर्ध्या इंचाची आणि बाइंडर ३/८–१/२ असं लिहिलेला. मापात बसतो, म्हणून लावतात. पण या मापाच्या बऱ्याच बाइंडरवर ९,२०० पौंड, म्हणजे ४.१७ टन क्षमता कोरलेली असते. म्हणजे ५.१ टनांच्या चेनची क्षमता तुम्ही ४.१७ वर आणून ठेवली. चेन, हूक, बाइंडर आणि ट्रेलरचा डी-रिंग (चेन अडकवायचं डी आकाराचं लोखंडी कडं) या चारांपैकी सगळ्यात कमी क्षमतेचा जो असेल, तीच त्या बांधणीची क्षमता. बाइंडरवरचा आकडा मातीनं भरलेला असतो. तारेच्या ब्रशनं घासा, वाचा. वाचता येत नसेल तर तो बाइंडर वापरातून काढा.

किती चेन लागतील

अमेरिकेच्या वाहतूक नियमांत याचं गणित अगदी स्पष्ट मांडलंय आणि मी तेच धरून चालतो. सगळ्या बांधणीची एकूण क्षमता मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी. पण मोजताना एक मेख आहे. जी चेन ट्रेलरच्या एका बाजूनं निघून मालावरून दुसऱ्या बाजूला जाते, ती पूर्ण मोजायची. जी ट्रेलरच्या रिंगमधून थेट मशीनच्या कानाला (बांधणीसाठी दिलेल्या भोकाला) जाते, ती निम्मीच मोजायची. पोकलेन बांधताना आपण जवळजवळ नेहमी दुसऱ्या पद्धतीनं बांधतो.

आता आपलं मशीन घ्या. वीस टनांचं म्हणतात ते पोकलेन बकेटसकट २१ टनांच्या आसपास भरतं. निम्मं म्हणजे साडेदहा टन. १० मिलिमीटरच्या चार चेन थेट बांधल्या तर दीड-दीड टनाप्रमाणे सहाच टन होतात. निम्म्याच्या जवळही नाही, आणि आपल्याकडे बहुतेक पोकलेन असेच जाताना मी पाहिलेत. १३ मिलिमीटरच्या चार घेतल्या तर सव्वादहा टन, थोडक्यात कमी. म्हणून मी मशीनला १३ मिलिमीटरच्या सहा चेन लावतो आणि बूम-बकेटला वेगळी एक, ती या हिशेबात धरत नाही. चेन १० मिलिमीटरच्याच असतील तर सात पुरतात, पण दोन्ही बाजू सारख्या हव्यात म्हणून आठ लावा. त्याच नियमांत साडेचार टनांवरच्या चाकाच्या किंवा पट्ट्याच्या मशीनला किमान चार ठिकाणी बांधणी आणि बकेटसारखे हलणारे भाग वेगळे बांधणं सक्तीचं आहे.

एवढा जोर कशाला, असं वाटत असेल तर ब्रेकचा विचार करा. बांधणीचा हिशेब पुढच्या दिशेनं मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागं ०.५ पट जोर धरून करतात. २१ टनांचं मशीन जोरात ब्रेक मारल्यावर जवळजवळ १७ टनांच्या जोरानं केबिनकडं निघतं. केबिनमध्ये दोन माणसं असतात.

निघायच्या आधी

चेन पेटीतून काढली की जमिनीवर सरळ पसरा आणि एक-एक कडी हातातून सरकवा. हातमोजे घाला, पण बोटांना कडी जाणवली पाहिजे. डोळ्यापेक्षा बोटाला पीळ आणि खाच लवकर कळते. १० मिलिमीटरची कडी झिजून ९ वर आली की ती चेन बाद. कड्या लांबलेल्या दिसल्या, म्हणजे एकमेकींत सैल न खेळता अडकून बसायला लागल्या, तरी बाद. हूकचं तोंड फाकलंय का बघा. शेजारी नवा हूक धरला की फरक लगेच दिसतो. बाइंडरच्या दांड्याला बाक, जबड्याला तडा, स्क्रूच्या आट्या गळालेल्या, यातलं काहीही दिसलं तर तो बाजूला ठेवा.

आणि वेल्डिंग. हे मला जरा जोर देऊन सांगायचंय. आपल्याकडे कोपऱ्यावर वेल्डिंगवाला मिळतो आणि तो सद्भावनेनंच तुटलेली कडी जोडून देतो. पण ही चेन उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेली असते. वेल्डिंगच्या आचेनं जोडाच्या दोन्ही बाजूंचं पोलाद आपला गुण सोडतं. बाहेरून जोड छान दिसतो आणि ताण आला की त्याच्या शेजारून चेन तुटते. चेनच्या दोन तुकड्यांत नट-बोल्ट घालणं आणि गाठ मारणंही तसंच घातक. त्याच ग्रेडची जोडकडी विकत मिळते, तीच लावा. रंगही लावू नका, रंगाखाली तडा लपतो.

मशीन चढवल्यावर

पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीतून आलेल्या पोकलेनच्या पट्ट्यात मणभर चिखल असतो. तो तसाच वर घेऊन आलात तर पट्टा आणि फळ्यांमध्ये साबण लावल्यासारखा थर बसतो, आणि वाटेत तो वाळून गळला की आवळलेली चेन सैल पडते. आधी फावड्यानं खरवडा, पाणी असेल तर धुवा. ट्रेलरच्या फळ्यांवरचं ऑइल आणि माती झाडा. लोखंडावर लोखंड, त्यात तेल, म्हणजे घर्षण जवळपास नाहीच. लाकडी फळी चांगली, जाड रबरी पट्टी त्याहून चांगली.

मशीन मध्यावर घ्या, भार एक्सलवर बसेल असं. बूम खाली, बकेट लाकडी ठोकळ्यावर टेकलेली. मशीनचा वरचा भाग फिरू नये म्हणून फिरकीची लॉक-पिन लावा. इंजिन बंद केल्यावर चावी चालू ठेवून लिव्हर दोन-तीनदा सगळीकडं हलवा, म्हणजे हायड्रॉलिकमधला दाब उतरतो आणि बूम रस्त्यात बसून चेन सैल होत नाही. चाकाचं मशीन असेल तर पार्किंग ब्रेक आणि चाकांना पुढून-मागून पाचरी. टायरवरचं मशीन खड्ड्यात उसळतं, त्याच्या चेन वारंवार सैल होतात. त्याच्यावर पट्ट्याच्या मशीनपेक्षा जास्त लक्ष ठेवा.

बांधणी

चेन कुठं लावायची हे आधी ठरवा. पट्ट्याच्या फ्रेमला किंवा खालच्या सांगाड्याला बांधणीसाठी कान दिलेले असतात, तिथंच हूक. सिलिंडरच्या चकचकीत रॉडला, शिडीला, पाइपांच्या आसपास कधीही नाही. ट्रेलरच्या बाजूला चेसिसला पक्का बसवलेला डी-रिंग घ्या. ताडपत्रीचा रस्सा बांधायला बॉडीला जे छोटे हूक असतात ते हलक्या ओढीचे, ते २१ टनांना धरत नाहीत.

पुढच्या चेन पुढं ओढतील आणि मागच्या मागं, अशा लावा. पुढं सरकणारं मशीन मागच्या चेन धरतात, हे लक्षात ठेवा. जोड्या एकमेकींना छेदतील अशा घेतल्या तर बाजूची ओढही त्याच सांभाळतात. चेन फार उभी नको. फळीपासून ४५ अंशांच्या आत ठेवा. उभी चेन मशीनला नुसती खाली दाबते, सरकण्यापासून फारसं रोखत नाही. धारदार कडेवरून चेन जात असेल तर मध्ये कोपऱ्याचा रक्षक किंवा जाड रबर द्या.

बाइंडर लावताना तुमचे पाय जमिनीवर हवेत. ट्रेलरच्या कडेवर, टायरवर किंवा मशीनच्या पट्ट्यावर उभं राहून दांडा ओढायचा नाही. पडलात तर हातातला दांडा सुटतो आणि दोन अपघात एकदम होतात. बाइंडर अशा जागी घ्या की दांडा वरून खाली ओढायचा असेल.

आता कडी निवडणं. सगळा लेख इथं येऊन थांबतो. चेन हातानं जेवढी ओढता येईल तेवढी ओढा, झोळ काढा. बाइंडरचा दांडा पूर्ण उघडा, एक हूक चेनच्या कडीत बसवा. आता दुसरा हूक जिथपर्यंत सहज पोहोचतो ती कडी बघा. तिच्यात अडकवा आणि दांडा खाली आणायला लागा. निम्म्या वाटेपर्यंत हात सहज येऊन पुढं जोर लागला आणि शेवटी दोन्ही हातांच्या सरळ ओढीनं दांडा 'खट्ट' बसला, तर कडी बरोबर. एका हातानंच बसला तर चेन सैल आहे, दांडा उघडून एक कडी पुढची घ्या. अंगाचा भार टाकूनही बसत नसेल, तर एक कडी मागं जा. तुमची नजर पाईपकडं वळली, की समजा कडी चुकली. दोन कड्यांच्या मध्येच अडकत असेल, एक सैल आणि दुसरी घट्ट, तर बाइंडर चेनवर थोडा वेगळ्या जागी सरकवा किंवा चेन रिंगमधून अर्धी कडी फिरवून घ्या. तरीही नाही जमलं तर त्या ठिकाणी रॅचेट वापरा, त्याला अधली-मधली जागा चालते.

रॅचेट असेल तर आधी दोन्ही स्क्रू बाहेर काढा, पण शेवटपर्यंत नाही, आट्या नळीत पुरेशा राहू द्या. दोन्ही हूक अडकवा, खटक्याची दिशा बघा आणि आवळा. दांडा हातानं हलेनासा झाला की थांबा. इथंही पाईप नाही.

दांडा ओढताना मान आणि छाती त्याच्या फिरण्याच्या रेषेबाहेर ठेवा, म्हणजे तुम्ही दांड्याच्या बाजूला, समोर नाही. अंगठा दांड्याभोवती गुंडाळू नका. क्लीनरला त्या रेषेत उभं राहू देऊ नका. तो समोरून "अजून, अजून" म्हणत असेल तर आधी त्याला हलवा, मग ओढा.

एक चेन पूर्ण आवळून दुसरीकडं जाऊ नका. आधी सगळ्या अर्ध्या ताणात आणा, मग डावी-उजवी आलटून-पालटून पूर्ण करा. नाहीतर पहिली चेन मशीनला एका बाजूला ओढून घेते आणि शेवटची कधीच नीट बसत नाही.

दांडा बसला म्हणजे काम झालं असं नाही. तो मध्यबिंदू ओलांडून चेनला टेकलाय का, हे हात लावून बघा. मग चेनचं उरलेलं शेपूट दांड्याभोवती आणि ताणलेल्या चेनभोवती दोन-तीन वेढे देऊन गुंडाळा आणि मऊ तारेनं बांधा. लटकणारं शेपूट रस्त्यावर घासतं, टायरमध्ये जातं, मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर येतं.

शेवटी हातोडी घ्या आणि प्रत्येक चेनवर हलकेच ठोका. आवळलेली चेन खणखणीत वाजते, सैल चेन भद्द आवाज देते. सहाही चेनचा सूर साधारण सारखा आला पाहिजे. ही सवय लागली की बघायची गरज कमी पडते, कानच सांगतो.

सळई आणि कॉइल

सळईचं थोडक्यात सांगतो. बारा मीटरच्या बंडलांखाली सारख्या जाडीचे लाकडी ठोकळे, दोन्ही बाजूंना खुंट, आणि पुढं हेडबोर्डला, म्हणजे केबिनमागच्या फळीला, बंडल टेकलेली. मध्ये अंतर सोडलंत तर ब्रेक लागल्यावर सळया तेवढ्या अंतरात वेग घेतात. चेन वरून टाकताना निदान दोन ठिकाणी तरी बंडलाभोवती पूर्ण वेढा द्या, नुसती वरून टाकलेली चेन मधल्या सळया धरत नाही. बाइंडर एक डावीकडं, एक उजवीकडं असे आलटून लावा. सळया मागं बाहेर काढून न्यायची सूट २०१४ मध्ये केंद्राच्या नियमांतून काढून टाकली, कारण मागून धडकणाऱ्यांचे जीव जात होते. आज मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) खाली माल बाजूनं, पुढं, मागं किंवा उंचीनं हद्दीबाहेर गेला तर २०,००० रुपये दंड आहे. वजन जास्त भरलं तर २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००.

कॉइलला खाली पक्का पाळणा हवा आणि चेन कॉइलच्या डोळ्यातून, म्हणजे मधल्या भोकातून, कडेला रबर देऊन. गोल वस्तू नुसत्या पाचरीवर थांबत नाही.

रस्त्यात

यार्डाच्या गेटातून बाहेर पडायच्या आधी वीस-तीस मीटर चालवा, हळू ब्रेक मारा, उतरा आणि सगळ्या चेन पुन्हा ठोकून बघा. लाकूड दबतं, पट्ट्यातली माती बसते, पहिला झोळ इथंच पडतो.

अमेरिकेच्या नियमात पहिली तपासणी ८० किलोमीटरच्या आत आणि पुढं दर २४० किलोमीटर किंवा तीन तासांनी आहे, जे आधी येईल ते. आपल्या रस्त्यांना आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकांना मी याहून लवकर थांबतो. जालन्याहून निघालं की अंबडला एकदा. वडीगोद्रीला महामार्गाला लागून, गोदावरी ओलांडून गेवराईत पोहोचलं की दुसऱ्यांदा. बीडला चहासाठी थांबतातच, चहाच्या आधी चेन. बीडहून पुढं मांजरसुंब्याचा घाट चढताना भार मागं रेलतो, परतीला त्याच घाटात उतरताना पुढं. म्हणून घाटाच्या आधी आणि घाटानंतर, दोन्ही वेळा उतरा. रात्री बॅटरी घेऊन बघा. हात लावल्याशिवाय "ठीक आहे" म्हणू नका.

सैल सापडली तर गाडी सपाट जागी, रस्त्याच्या बाहेर घ्या आणि ट्रॅफिक नसलेल्या बाजूनं आवळा. लिव्हर बाइंडर असेल तर तो सोडून पुढची कडी घ्यावी लागते, आणि सोडणं हाच या कामातला सगळ्यात धोक्याचा क्षण आहे.

सोडताना

धाराशिवला साइटवर गाडी लागली की सगळ्यांना उतरायची घाई असते. सुपरवायझर हाका मारतो, ड्रायव्हर थकलेला असतो, रॅम्प पाडायला पोरं पुढं येतात. याच पाच मिनिटांत हात जातात, दात जातात.

आधी गाडीभोवती एक फेरी मारा. मशीन एका बाजूला झुकलंय का, एखादी चेन निघताना होती त्यापेक्षा जास्त ताणलेली आहे का. वाटेत माल सरकला असेल तर ज्या चेननं तो धरलाय तिच्यात तुम्ही दिलेल्या ताणाच्या कितीतरी पट ताण असतो. ती चेन शेवटी सोडायची. गाडी उताराला असेल तर आधी सपाटीवर घ्या. दोन्ही बाजूंच्या माणसांना दूर पाठवा, कारण मशीन कुठल्या बाजूला सरकेल हे चेन सुटल्यावरच कळतं.

लिव्हर बाइंडर सोडताना तार आणि शेपूट काढा, बाजूला उभे राहा, तोंड दांड्याच्या रेषेबाहेर. दांडा मुठीत पकडू नका. उघड्या तळव्यानं खालून वर ढकला आणि हात लगेच बाजूला घ्या. दांडा उसळला तर उसळू द्या, त्याला पकडायला जाऊ नका. मुठीत धरलेला दांडा मनगट सोबत घेऊन जातो.

ढकलून उघडत नसेल तर पाईप, पहार, हातोडी काहीही लावू नका. शेजारी दुसरी चेन आणि रॅचेट बाइंडर लावा, तो आवळत न्या. ताण हळूहळू त्याच्यावर येतो आणि अडकलेला बाइंडर सैल होतो. मग तो सोडा आणि शेवटी रॅचेट उलटा फिरवत उतरवा. दहा मिनिटं जास्त लागतात. त्या यार्डात मीही पाईपऐवजी रॅचेट वापरू शकलो असतो, तो पेटीतच पडून होता.

सगळ्या चेन उतरल्या की मोजा. सात घेतल्या होत्या तर सात. मातीनं माखलेली असेल तर झटका, रॅचेटच्या आट्यांना ग्रीसचा हात द्या, आणि ज्या चेनवर वाटेत खाच पडली तिला लगेच लाल रंगाची फीत बांधून वेगळी ठेवा. रात्रीच्या अंधारात घाईत पुढचा माल बांधणाऱ्याच्या हाताला ती फीत लागली पाहिजे.